मिस्टरांची सही आणा

माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. गावाचं नाव लिहीत नाही. खान्देशातलं, तापीकाठचं, स्टँडसमोर चार गाळे असलेलं गाव, एवढं पुरे. त्यातल्या एका गाळ्यात बसून मी दिवसभर लोकांचे फॉर्म भरते. उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, रेशनकार्डातलं नाव, जातीचं प्रमाणपत्र. दुसऱ्याच्या फॉर्मातली चूक मला लांबून दिसते. पण स्वतःचा एक फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा त्या कागदापर्यंत पोचायलाच पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस इथे लिहितेय. तारखा खऱ्या आहेत, डायरीत आहेत. माणसांची आणि दवाखान्यांची नावं मुद्दाम नाहीत.

१ जुलै २०२४, सोमवार. लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच दिवशी माझी लाडकी बहीण योजनेचे फॉर्म सुरू झाले. आदल्या शुक्रवारी जीआर आला होता आणि सुरुवातीला मुदत फक्त १५ जुलैपर्यंत होती. सकाळी सातला शटर वर केलं तर पायरीवर तीस-चाळीस बाया बसलेल्या. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा, कुणाला डोमिसाइल, कुणाचं आधार बँकेला जोडलेलं नाही. मी तोवर घरातून एक काम उरकून आले होते. पाळीला आठ दिवस उशीर झाला होता, म्हणून पहाटे किट लावून पाहिलं होतं. साठ रुपयांचं किट, दोन रेघा. दुसरी रेघ फिकट होती. फिकट म्हणजे खोटी असावी, अशी समजूत घालून घेत दुपारपर्यंत फॉर्म भरले. मग पायरीवर कुणीतरी शेवभाजीचा डबा उघडला आणि मी मागच्या दाराने ओकायला पळाले. तेव्हा समजूत घालणं बंद केलं.

मला दोन मुली आहेत, अकरा आणि सात वर्षांच्या. दुसरीच्या वेळी सिझर झालं, रक्त चढवावं लागलं. त्यानंतर तांबी बसवली होती. अंगावरून फार जायचं म्हणून वर्षभरात काढून टाकली. मग निरोध. जूनमध्ये एकदा तो फाटला, तेही आम्हाला कळलं होतं. ७२ तासांच्या आत घ्यायची गोळी असते हे मला माहीत होतं. पण गावातलं एकुलतं मेडिकल यांच्या चुलत भावाचं. तिथे जाऊन ती गोळी मागायची म्हणजे संध्याकाळपर्यंत अर्ध्या गल्लीला बातमी. "उद्या तालुक्याला गेले की घेऊ" म्हणता म्हणता तीन दिवस गेले. पुढचा सगळा व्याप त्या न मागितलेल्या गोळीपासून सुरू झाला.

मूल नको होतं. तब्येत, फी, यांचं ठिबक फिटिंगचं हंगामी काम, ही कारणं आहेतच, पण ती नसती तरी मला नको होतं.

२ तारखेच्या रात्री यांना सांगितलं. हे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला झेपणार नाही, मला माहीतय." आणि थोड्या वेळाने, भिंतीकडे बघत, "पण या वेळी मुलगा असला तर?" खोटं कशाला बोलू, तो विचार सकाळी माझ्याही मनात येऊन गेला होता. दोन मुली असलेल्या घरात हे वाक्य हवेतच असतं. सासूबाईंनी कानबाईला नवस बोललाय, नणंद दर दिवाळीला विचारते, पुतण्याच्या बारशात कुणीतरी माझ्या ओटीत जरा जास्तच गहू टाकतं. पण यांच्या तोंडून ते ऐकल्यावर दोन रात्री मी यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी हे स्वतःच म्हणाले, "चल, दवाखान्यात जाऊ. आईला आत्ता काही सांगायला नको."

४ जुलै, तालुक्याच्या गावी खासगी दवाखाना. फी तीनशे. यांनी गाडी बाहेर लावली आणि फोन आला म्हणून बाहेरच थांबले. मी आत गेले, सांगितलं की दिवस राहिलेत, नको आहेत. डॉक्टरांनी विचारलं, "मुलं किती?" म्हटलं, दोन मुली. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सोनोग्राफी कुठे करून आलात?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. म्हटलं, अजून केलेलीच नाही. शेवटची पाळी २६ मेची. म्हणजे त्या दिवशी साडेपाच आठवडे. इतक्या लवकर सोनोग्राफीत मुलगा-मुलगी दिसायचा प्रश्नच नसतो, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी पुढची दहा मिनिटं मी संशयित. शेवटी म्हणाले, "हे सगळं रिस्की असतं. मिस्टरांची सही आणा, दोघांची आधार कार्डं, लग्नाचा दाखला. साडेआठ हजार होतील, क्युरेटिंग करून टाकू." सही लागत असली तर मिस्टर बाहेरच उभे होते, हाक मारायचा अवकाश. पण मी हाक मारली नाही, उठून आले. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. नुसता राग आला होता.

आमच्या भागात डॉक्टर दचकून असतात त्याला कारण आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. जळगाव जिल्ह्यात ८४२. बीडनंतर जळगावचाच नंबर. मुली गर्भातच मारल्या गेल्या आहेत, आमच्या आसपासच, हे मी नाकारणार नाही. पण त्याचा परिणाम असा झालाय की दोन मुलींची आई सहाव्या आठवड्यात गेली तरी ती मुलगी पाडायलाच आलीय असं धरून चालतात. आणि दोन मुलग्यांची आई गेली तर? माझ्या मावसबहिणीला दोन मुलगे. तिला त्याच दवाखान्यात सोनोग्राफीबद्दल कुणी एक शब्द विचारला नव्हता.

त्या रात्री केंद्र बंद केल्यावर तिथेच बसून कायदा वाचला. दुसऱ्यांसाठी जीआर वाचायची सवय आहेच. कायदे दोन आहेत आणि सगळा घोळ त्यांच्या सरमिसळीचा आहे. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा १९९४ चा. गर्भपाताला परवानगी देणारा १९७१ चा, त्यात २०२१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीस आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात, तेही ठरावीक परिस्थितीत: बलात्कार, अल्पवयीन मुलगी, मधल्या काळात नवरा वारला किंवा घटस्फोट झाला, अपंगत्व, गर्भात दोष, अशा. गर्भात गंभीर दोष असेल तर चोवीसच्या पुढेही वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकतं. गर्भनिरोधक साधन निकामी ठरलं हे कारण वीस आठवड्यांपर्यंत कायद्यालाच मान्य आहे, आणि पूर्वी तिथे "विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा" असे शब्द होते ते २०२१ मध्ये बदलून "स्त्री किंवा तिचा जोडीदार" असे झाले. २९ सप्टेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टाने अविवाहित बाईलाही चोवीस आठवड्यांपर्यंतचा हक्क आहे असं सांगितलं. आणि संमती? अठरा पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची. नवऱ्याच्या सहीचा रकानाच नाही. मी तो संमतीचा फॉर्म, नमुना 'क', दोनदा वर-खाली करून पाहिला. फॉर्मच्या बाबतीत माझी नजर चुकत नाही.

एवढं वाचूनही दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, मी आडवाट धरलीच. तालुक्याला स्टेशनरी आणायला म्हणून गेले आणि तीन मेडिकलांत गोळ्यांचं किट विचारलं. दोघांनी सांगितलं, "आम्ही ठेवतच नाही. एकेका पाकिटाचा हिशोब द्यावा लागतो, नको ती कटकट." तिसऱ्याने आधी नाही म्हटलं, मग मी पायरी उतरल्यावर मागून पोऱ्या आला. "ताई, पंधराशे. बिल नाही मिळणार." पर्समध्ये पैसे होते. खरंच घेणार होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २७ टक्के गर्भपात बाईने स्वतः घरीच केलेले निघाले, हे मी रात्रीच वाचलं होतं, आणि त्या पायरीवर मला कळलं की त्या बायका तशा का वागत असतील. दवाखान्यात मिस्टर मागतात. पोऱ्या फक्त पैसे मागतो.

मी थांबले ते रक्ताच्या भीतीने. दुसऱ्या बाळंतपणात बाटली लावलेली आठवली. नंतर डॉक्टरांनी आणखी एक कारण सांगितलं ते इथेच लिहिते: गर्भ कधी कधी पिशवीऐवजी नळीत रुजतो. त्याला या गोळ्या लागू पडत नाहीत. बाई झालं गेलं समजून बसते आणि नळी फुटली तर जीव जातो. म्हणून आधी तपासणी.

त्या संध्याकाळी आशाताई केंद्रात आल्या, त्यांच्याकडचे लाडक्या बहिणीचे फॉर्म घेऊन. नारीशक्ती दूत अ‍ॅप सारखं बंद पडत होतं. त्यांना सांगायला मी घाबरत होते. एक तर त्या सासूबाईंच्या माहेरच्या. दुसरं, गरोदर बाईची बारा आठवड्यांच्या आत नोंद करणं हे त्यांचं कामच, आणि एकदा नोंद झाली की पुढे काय झालं याची विचारणा घरापर्यंत येणार. पण गर्दी ओसरल्यावर त्यांनीच माझ्याकडे बघून विचारलं, "काय व्हयनं वं? तोंड कसं सुकी गयं?" आणि मी तिथेच रडायला लागले. सगळं ऐकून घेतल्यावर, सहीचं सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "नवऱ्यानी सही? कसाले? पोट तुनं, सही तुनी." आणि वर: "तुमच्या सासूला मी काही सांगत नाही. दोनदा मीच गेलेय तिकडे." याहून जास्त त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

८ जुलै, सोमवार. आशाताईंबरोबर ग्रामीण रुग्णालय. केसपेपरला पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार फुकट आहेत. वैद्यकीय अधिकारी तरुण होते, नीट बोलले. पण स्त्रीरोगतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस येतात आणि त्या आठवड्यात रजेवर. "थांबू नका, मोठ्या दवाखान्यात जा," म्हणत चिठ्ठी लिहून दिली. अर्ध्या तासात बाहेर. रिकाम्या हाताने परतले तरी त्या चिठ्ठीवर "गर्भपाताची विनंती" असं सरळ मराठीत लिहिलेलं बघून बरं वाटलं. तोवर सगळीकडे "ते", "खाली करायचंय", "पिशवी धुवायचीय" असंच चाललं होतं. मीसुद्धा तसंच बोलत होते.

१० जुलै, बुधवार. जिल्ह्याच्या ठिकाणचा मोठा सरकारी दवाखाना. खान्देशात जिल्हे तीन. कोणता ते सांगत नाही. पहाटे साडेसहाची एसटी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, नाहीतर एवढ्या फेऱ्या परवडल्या नसत्या. बाहेर कपाशी हातभर आलेली, मधूनमधून केळीचे मळे, आणि मी खिडकीत प्लास्टिकची पिशवी धरून. एक सांगते: उपाशी जाऊ नका. मी चहावर गेले होते आणि ओपीडीच्या रांगेत चक्कर आली. त्यानंतर दर वेळी डब्यात कळण्याची भाकरी नेली, कोरडीच. तेवढीच पोटात टिकायची.

हा दवाखाना आरोग्य खात्याचा नाही, म्हणून केसपेपर वीस रुपये. रांग सव्वादोन तास. शिकाऊ डॉक्टर मुलगी होती, पंचविशीची असेल. तिनेही विचारलं, "घरचे काय म्हणतात?" पण उत्तराची वाट न बघता लिहायला लागली. त्याच दिवशी रक्त, लघवी. सोनोग्राफीची तारीख १२. बाहेर नऊशे रुपयांत लगेच झाली असती, मी थांबले.

१२ जुलै, शुक्रवार. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर तो ठरलेला बोर्ड, येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. आधार कार्डाची झेरॉक्स मागतात, दोन प्रती न्या. तिथे एक फॉर्म भरावा लागतो, त्याला फॉर्म एफ म्हणतात. भरणारा मुलगा माझ्यासारखाच, दोन बोटांनी भराभर टाइप करणारा. नाव, वय, पत्ता, मग: जिवंत अपत्ये. मुलगे? म्हटलं, शून्य. मुली? म्हटलं, दोन. त्याची बोटं जराशी थांबली, मग पुढे गेली. मी दिवसाला शंभर फॉर्म भरते, पण रकान्यात बसवलं जाणं कसं असतं ते त्या खुर्चीत कळलं. खाली लिहून सही करायची की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. केली. आत डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडून वळवून घेतला. मी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपणहून केलं. त्याबद्दल त्या बाईंचे आभार मानायचे राहिले. रिपोर्ट: गर्भ पिशवीतच, साडेसहा आठवडे.

रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ९.२. रक्तगट पॉझिटिव्ह. निगेटिव्ह असेल तर एक वेगळं इंजेक्शन लागतं, म्हणून गट माहीत नसेल तर आधी करून घ्या. पुढची तारीख मंगळवार, १६ जुलै.

त्या चार दिवसांत केंद्रात नुसती झुंबड. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली होती, पिवळ्या-केशरी रेशनकार्डाला उत्पन्नाचा दाखला माफ झाला होता, पण बायका ऐकेनात, आजच भरा म्हणत होत्या. फॉर्म भरताना एक म्हातारी म्हणाली, "माय, तुनाबी भरना का?" माझा भरायचा राहूनच गेला होता.

१६ जुलै. सात आठवडे दोन दिवस. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी होऊ शकतं, म्हणजे मी हद्दीत होते. पण मधले दिवस कसे निसटतात ते बघा. सहाव्या आठवड्यात निघालेली बाई आठव्यात पोचते. गोळ्यांची हद्द ओलांडली तरी मार्ग बंद होत नाही. बारा आठवड्यांच्या आत सक्शनने काही मिनिटांत होतं, आणि तेही पिशवी खरवडायच्या जुन्या क्युरेटिंगपेक्षा सुरक्षित, असं डॉक्टर म्हणाल्या. "कुणी क्युरेटिंगच करू म्हटलं तर का ते विचारायचं."

या डॉक्टर वयाने मोठ्या होत्या. हे त्या दिवशी बरोबर आले होते, आपणहून पुढे होऊन म्हणाले, "सही कुठे करायची?" डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमची नकोय. तुम्ही जरा बाहेर बसा." हे बाहेर गेले. मग त्यांनी मला विचारलं की कुणाचा दबाव आहे का, पूर्ण विचार केला आहे का, नको वाटलं तर आत्ताही परत जाता येईल. सगळ्या प्रवासात हा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी मला विचारत होतं. कारणाच्या जागी गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं लिहिलं. मी नमुना 'क' वर सही केली. सिस्टरने तो कागद लिफाफ्यात घातला, चिकटवला, वर 'गोपनीय' लिहिलं. कायद्याने तसंच करायचं असतं. बाईचं नाव फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

आणि तो लिफाफा कपाटात जातोय न जातोय तोच दारातून मावशी ओरडली, "ए, ती एमटीपीवाली कोणे? चला, गोळी घ्यायला!" एमटीपी म्हणजे गर्भपात. बाकावरच्या वीस बायका माझ्याकडे वळल्या. त्यातली एक आमच्या शेजारच्या गावची निघाली. तिने मान खाली घातली, मीही घातली. नंतर लक्षात आलं, तीही त्याच बाकावर बसली होती.

सिस्टरचं दुसरंच चाललं होतं. "ऑपरेशन करून घ्या आता, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा याल." तीनदा म्हणाली. डॉक्टरांनी ऐकलं आणि म्हणाल्या, ती अट नाही, नंतर बोलू. तुम्हालाही कुणी म्हटलं की आधी ऑपरेशनला हो म्हणा तर गर्भपात करू, तर तसं बंधन घालता येत नाही, हे माहीत असू द्या.

पहिली गोळी तिथेच डॉक्टरांसमोर घेतली. काही झालं नाही. घरी येऊन स्वयंपाक केला. १७ तारखेला आषाढी एकादशी. सासूबाईंच्या हाताखाली साबुदाणा, भगर केली, देवाला हात जोडले. काय मागायचं ते सुचलं नाही.

१८ जुलै, गुरुवार. हिमोग्लोबिन कमी म्हणून दुसऱ्या गोळ्या घरी दिल्या नाहीत, वॉर्डात थांबायला लावलं. गोळ्या घेतल्यावर तासाभरात थंडी वाजायला लागली, मग पोटात पिळा. पाळीची कळ नाही, बाळंतपणाचीही नाही, मधली काहीतरी. दुखण्याची गोळी आधीच देतात, मागून घ्या, सोसत बसू नका. वॉर्डाच्या संडासाला कडी नव्हती. आशाताई बाहेरून दाराला पाय लावून उभ्या राहायच्या आणि मोबाइलवर कुणाला तरी लसीकरणाची तारीख सांगायच्या. साडेबाराच्या सुमाराला मोठी गाठ गेली. मी खाली पाहिलं. पाहू नये असं काही बायका सांगतात, मला पाहायचं होतं. रक्ताच्या गाठी होत्या, त्याहून वेगळं काही ओळखू आलं नाही. पाणी टाकलं. दाराबाहेर आशाताईंचं "बुधवारी, हां, बुधवारी" चालू होतं.

साडेचारला सोडलं. यांनी मित्राची ओम्नी आणली होती, मागच्या सीटवर गोधडी अंथरलेली. निघताना सिस्टरने, त्याच ऑपरेशनवाल्या, धोक्याच्या खुणा दोनदा वदवून घेतल्या: तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि असं सलग दोन तास चाललं, ताप आला, घाण वास यायला लागला, पोटदुखी थांबेना, तर रात्र असो की पहाट, निघून यायचं.

घरी काय सांगायचं हे आधीच ठरलं होतं: पाळी आली, उशिरा आल्याने त्रास होतोय. सासूबाईंनी लगेच मला बाजूला बसवलं. ओट्यापलीकडची खोली, वेगळं ताट, चार दिवस चुलीला शिवायचं नाही. लग्नापासून मी या बाजूला बसण्यावरून भांडत आलेय. त्या चार दिवसांत मात्र गुमान बसले. एवढी सक्तीची विश्रांती कुठल्या डॉक्टरने लिहून दिली असती? ताट सासूबाईच आणून ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी ताटात डिंकाचा लाडू होता. पाळीला आमच्याकडे डिंकाचा लाडू देत नाहीत. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्या वाटी घेऊन निघून गेल्या.

मन कसं होतं, असं कुणी विचारलं तर: पहिल्या रात्री सुटल्यासारखं वाटलं, गाढ झोपले. पाचव्या दिवशी धाकटीच्या गणवेशाला बटण लावताना कारण नसताना रडू आलं, मग थांबलं. पश्चात्ताप नव्हता, आजही नाही. ज्यांना होतो त्यांना तो होऊ द्यावा, ज्यांना होत नाही त्यांच्याकडून तो मागू नये.

३० जुलैला, पंधराव्या दिवशी, तपासणी. ही चुकवू नका. रक्त थांबलं म्हणून अनेक जणी जात नाहीत. सोनोग्राफीत पिशवी मोकळी. मी मधेच घरी किट लावून पाहिलं होतं, पुन्हा दोन रेघा आल्या आणि तोंडचं पाणी पळालं होतं. डॉक्टर म्हणाल्या, काही आठवडे रेघ येऊ शकते, त्यावरून ठरवायचं नाही. आणि पुढची पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात. म्हणून त्याच दिवशी छाया नावाच्या गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या, सरकारी, फुकट: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. लोहाच्या गोळ्या वेगळ्या.

हिशोब: किट ६०, खासगी फी ३००, केसपेपर २०, एसटीचं सगळं मिळून ५२०, ओम्नीचं पेट्रोल ५००. चौदाशे रुपये. शिवाय हंगामात पाच दिवस बंद राहिलेलं केंद्र, त्याचा आकडा काढला नाही. माझा लाडक्या बहिणीचा फॉर्म ऑगस्टमध्ये भरला.

छाया कायमची घ्यायची नव्हती. पुढचं ऑपरेशन कुणी करायचं यावर घरात चार महिने काही बोलणं झालं नाही. यांना भीती होती की नसबंदीनंतर ठिबकच्या नळ्यांची बंडलं उचलता येणार नाहीत. मित्रांनी आणखी काय काय सांगितलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. आशाताईंनी एकदा आमच्याच गाळ्यात बसून, गिऱ्हाईक नसताना, यांना समजावलं: टाका नाही, चिरफाड नाही, त्याच दिवशी घरी, दोन दिवस आराम. फक्त लगेच लागू होत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे ऐकत होते आणि प्रिंटरमधला अडकलेला कागद काढत होते. तो कागद कधीच निघाला होता.

२० नोव्हेंबरला मतदान झालं, दुसऱ्या दिवसापासून पुरुष नसबंदीचा पंधरवडा सुरू झाला. २८ तारखेला, गुरुवारी, हे म्हणाले, "येतेस का बरोबर?"

त्याच दवाखान्याची वेगळी इमारत. रांगेत सहा पुरुष, त्यातले चार पाड्यावरून आलेले. कारकुनाने यांचं आधार पाहिलं, मुलं किती विचारलं, हे म्हणाले दोन. त्याने मुलगे की मुली हे विचारलं नाही, २ लिहिलं. संमतीचा कागद पुढे सरकवला, हे म्हणाले, "इथे?" आणि सही केली. मी पर्समधून पेन काढून तयार होते, सवयीने. कागद ट्रेमध्ये गेला. कारकून म्हणाला, "ताई, तुम्ही बाहेर बसलात तरी चालेल."

बाहेर ऊन छान होतं. आशाताईंचा फोन आला, "झायं का?" म्हटलं, आत्ताच आत गेले.